कापणी अर्धी टाकून

भात पिकून पिवळं झालं की माझे तळहात घामेजू लागतात. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई देवरुखाहून येतात. या दिवसांत वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणतात, "किती छान वाटतं ना कापणी बघायला!" मी होय म्हणते. खोटं नसतं ते. सकाळी शेतांवर दंव असतं, कापलेल्या ताटांचा कच्चा, गोडसर वास रस्त्यापर्यंत येतो, बांधावर भारे एकाला एक टेकून उभे असतात. दुपारी ऊन असं चटकतं की कातळावर पाय ठरत नाही. लहानपणी मलाही हे दिवस आवडायचे. कापणीत घरातल्या सगळ्यांना काम असतं आणि कोणाला रागवायला कोणाकडे वेळ नसतो.

पण त्या एका कापणीनंतर हा वास नाकात गेला की माझा डावा पाय क्लच शोधतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. डी.एड. झालं होतं, नोकरी लागायची होती, आणि देवरुखात गाडी शिकून जेमतेम महिना झाला होता. बाबा मुंबईला कंपनीत. आमच्या बौद्धवाडीतल्या निम्म्या घरांची ओळख याच एका वाक्यात व्हायची. वाडीतले बाकीचे पुरुष गाववाल्यांच्या खोलीत एकत्र राहायचे. बाबा मात्र कंपनीच्या आवारातच राहायचे. तिथे औषधांचे खोके छापत. वर्षातून दोनदा ते घरी येत, बुद्धपौर्णिमेला आणि एकदा कापणीला. त्या वर्षी कापणीला रजा मिळत नाही म्हणाले. आईने ते मनावर घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही. आम्ही दोघींनीच विळे घेतले.

चौथ्या दिवशी सुभाषभाऊ बांधावर येऊन उभा राहिला. हा आमच्या पलीकडच्या वाडीतला. त्याची एक जुनी व्हॅन होती; आठवडाभर शाळेची मुलं ने-आण करायचा, मधे मिळेल ते भाडं मारायचा. तो बोलायला आला होता, पण बोलत नव्हता. आई कापत होती तशीच कापत राहिली.

"वयनी," शेवटी तो म्हणाला, "दादा मुंबईतच हायत ना?"

"मंग कुटं असतील?"

"नाय... काल हेदवीला भाडा घेऊन गेलो होतो. दशभुजा गणपतीच्या दर्शनाला. मानसं जेवायला समुद्राकडच्या एका रिसॉर्टवर थांबली. मागं नळावर एक माणूस कपडे धूत होता. मी हाक मारली, दादा म्हणून. त्याने मान वर केली, आनि उठून आत गेला."

"दुसरा कोन असंल."

"असंल," सुभाषभाऊ म्हणाला. जायला वळता वळता तो हळूच म्हणाला, "पन वयनी, दुसरा असता तर आत कशाला गेला असता?"

आईचा विळा थांबला नाही. पण ती आता मुठीत येतील तशी ताटं धरत होती, आणि दोन भारे बांधून झाल्यावर मला दिसलं की तिच्या डाव्या करंगळीतून रक्त येतंय आणि तिला ते कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी बाबांचा फोन आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. "जेवलाव काय?" तिने विचारलं. "पाऊस नाय ना तिकडं? हितं ढग हायत रोज." सगळं रोजच्यासारखं. फोन ठेवून ती चुलीकडे वळली. मी म्हटलं, "आई, विचारायचं तरी." ती म्हणाली, "फोनवर मानसाचा तोंड दिसत नाय."

पुढचे दोन दिवस तिने मला फक्त कामापुरतं सांगितलं. मी मात्र मनात बाबांना हजार प्रश्न विचारत होते. आमच्या घरी वंदनेला पंचशील सांगायचे ते बाबाच. मी लहान असताना त्यांनी मला एकेका शिलाचा अर्थ मांडीवर बसवून सांगितला होता. चौथं, खोटं न बोलण्याचं. "हे सगळ्यात अवघड," ते म्हणाले होते, "कारन यात हातपाय हलवावे लागत नायत, नुसता तोंड उघडलं की मोडता." मला ते वाक्य आठवून राग येत होता. आणि रागाच्या खाली भीती होती, तिला मी नाव देत नव्हते. आईने दिलं असावं, कारण शनिवारी भाकऱ्या भाजता भाजता ती एकदम म्हणाली, "पोरंबाळं असली तिकडं, तर आपन काय बोलायचा नाय. नुसता बगून यायचा."

सुभाषभाऊने गाडी द्यायला लगेच होकार दिला आणि मी चालवतो असंही म्हणाला. आईने हात जोडले. "गाडी दे. तू नको. गावातला माणूस बरोबर नको." तो समजला. रविवारी पहाटेच त्याने व्हॅन आमच्या पाणंदीच्या तोंडाशी आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घाटात उतारावर बंद करू नको फक्त."

अर्धं शेत उभं होतं. कापलेलं भात आडवं पडलेलं, भारेसुद्धा बांधून झालेले नव्हते. परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नव्हता. शेजारणीने विचारलं तर आई म्हणाली, सुजाताची मुलाखत हाय. तिने विहारातल्या कार्यक्रमाला नेसायची निळी साडी नेसली होती. करंगळीला चिंधी. मांडीवर भाकरी आणि सुकटीची पिशवी. ती माझ्या शेजारी बसली आणि दाराची कडी तिने दोन्ही हातांनी धरली. गाडी चालू असताना ती कडी तिने जयगडच्या जेटीपर्यंत सोडली नाही.

देवरूख झोपलेलं होतं. बाजारपेठेत शटरं खाली, एक माणूस दुकानापुढे पाणी शिंपडत होता. एरवी या चौकात मी दहा जणांना हात केला असता. त्या दिवशी मला वाटत होतं की प्रत्येक बंद दारामागून कोणीतरी आम्हाला बघतंय आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. संगमेश्वरात नदीवर धुकं होतं. पुढे महामार्गाचं काम चाललेलं, अर्धा रस्ता उकरलेला, लाल धुरळा, समोरून ट्रक. मी पहिल्यांदाच महामार्गावर गाडी काढली होती. एका ट्रकने इतक्या जवळून मागे टाकलं की व्हॅन थरथरली.  आईने डोळे मिटले आणि उघडले.

निवळीला महामार्ग सोडला आणि सगळं शांत झालं. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खालच्या मळ्यांत माणसं कापत होती. बाया, पुरुष, म्हातारे, सगळे आपापल्या घरच्यांबरोबर. जाकादेवीला मी चहासाठी थांबले. आई उतरली नाही. मी कप घेऊन तिच्या खिडकीशी आले तेव्हा ती समोर बघत म्हणाली,

"सुजा, ते मुंबईला गेले तवा तू किती होतीस गो?"

"चार वर्षांची."

"तवापासून सलग एक म्हयना काय ते घरी ऱ्हायले नसतील. आले की पावण्यासारखे. आवडीचा करून घालायचा, कपडे धुवून द्यायचे, पिशवी भरून द्यायची." तिने चहा हातात घेतला, प्यायली नाही. "मी वळकतंय काय त्यांना? तूच सांग."

  कोकणात अशा कितीतरी बाया आहेत, ज्या नवऱ्याला आवाजाने ओळखतात. आधी पत्रं होती, मग एसटीडी, आता खिशातला फोन. त्या आवाजावर घर चालतं, पोरं मोठी होतात, भिंती चढतात. आवाज खरा आहे की नाही हे बघायला कोणी निघत नाही. माझी आई निघाली होती.

जयगडच्या जेटीवर पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. फेरीबोट लागलेली. गाडी बोटीवर चढवायची म्हणजे उतारावरून खाली घेऊन लोखंडी फळीवरून आत न्यायची. माझ्या पुढे दोन मोटारी, मागे एक टेम्पो. फळीवर चाक चढलं आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न. हात घामाने इतके ओले की चावी फिरेना. बोटीवरचा एक टोपीवाला म्हातारा खिडकीशी आला. "घाबरू नको बाय. ब्रेक दाबून ठेव. आता पहिल्यात टाक. मागं कोन बोंबलतो त्याच्याकडं बगू नको, माझ्याकडं बग." मी त्याच्याकडे बघत गाडी आत घेतली.

बोट सुटली. खाडीवर ऊन चकाकत होतं. मी नुकता श्वास सोडला होता, इतक्यात आईचा फोन वाजला.

रविवारी बाबा सकाळी फोन करायचे, हे मी विसरले होते. आईने पडद्यावरचं नाव बघितलं, मग समोरचा किनारा बघितला, जिकडे ते असावेत. तिने फोन कानाला लावला. मी इतकी जवळ होते की मला सगळं ऐकू येत होतं.

"काय करतंस?" बाबा विचारत होते. त्यांच्या मागे एक सलग घोंघावणारा आवाज होता.

"शेतात हाय," आई म्हणाली. "तुमच्याकडं कसला आवाज ओ येवढा?"

"गाड्यांचा. कंपनीसमोरून हायवे जातो ना. रविवारची पन ट्रॅफिक काय कमी नाय. तुझ्याकडं कसला?"

बोटीचं इंजिन पायाखाली धडधडत होतं.

"मशीन आनलाय झोडनीला," आई म्हणाली.

"बरा केलास. उगाच कंबर मोडून घेऊ नको."

"नाय घेत. तुमी जेवलाव?"

"आता जेवेन."

फोन बंद झाला. आईने तो पदरात बांधला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; मला वाटतं, स्वतःचीच लाज होती. माझ्या देखत ती बाबांशी पहिल्यांदाच इतकं सहज खोटं बोलली होती. एका खाडीच्या दोन तीरांवरून माझे आईबाप एकमेकांना आपण कुठे नाही ते सांगत होते, आणि दोघांनाही एकमेकांच्या जेवणाची काळजी होती.

पलीकडे तवसाळला उतरून हेदवीपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. रिसॉर्ट आठवतं. उतरत्या कौलांची नवी घरं, मधे निळं पाणी असलेला तलाव, त्यात ओरडणारी पाहुण्यांची मुलं, सुरमई तळल्याचा वास, आणि सुरूच्या झाडांमागे समुद्र. फाटकावरच्या माणसाने बुकिंग आहे का विचारलं. मी अडखळले. आई शांतपणे म्हणाली, "नाय. हितं कपडे धुनारा माणूस हाय, त्याच्या घरची आमी." त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या बाजूला हात दाखवला. म्हणजे सुभाषभाऊ चुकला नव्हता. तोपर्यंत माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात, तो चुकला असेल, ही आशा होती.

मागे सुरूच्या दोन झाडांना दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, ओळीने, वाऱ्यावर फुगत. त्यांच्या पलीकडे बाबा होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाठमोरे, एकटेच एक जाड चादर पिळत होते. एक टोक त्यांनी झाडाच्या फांदीला अडकवलं होतं आणि दुसरं दोन्ही हातांनी पिळा देत आवळत होते. आसपास दुसरं कोणी नव्हतं. एका बाजूला पत्र्याची खोली, दारात एका माणसाचे कपडे, एक ताट, एक तांब्या. आईने हे सगळं एका नजरेत बघून घेतलं, हे मी बघितलं.

मी हाक मारणार होते. आईने हात आडवा केला. ती चादरींमधून पुढे गेली, फांदीला अडकवलेलं टोक सोडवलं आणि स्वतःच्या हातात धरलं.

बाबांनी वळून बघितलं.

 पाणी टपकत होतं. मग आईने आपल्या टोकाला उलटा पीळ दिला. बाबांचे हात, सवयीने असेल, आपोआप फिरले. दोघांनी ती चादर पुरती पिळून काढली. चिंधी बांधलेली तिची करंगळी पुन्हा लाल झाली होती. पाणी थांबल्यावर तिने विचारलं,

"बाई हाय काय कोन?"

"काय?"

"दुसरी बाई. असंल तर सांगा. मी भांडाया आलेली नाय."

बाबा खाली बसले. मातीतच. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. ते रडलेही नाहीत, नुसतं तोंड उघडून श्वास घेत राहिले. मग हळूहळू सांगितलं. मार्चमध्येच कंपनी बंद पडली. राहायची जागा गेली. दोन महिने मुंबईत इथे तिथे काढले. मे महिन्यात पौर्णिमेला घरी आले, तेव्हाच सांगायचं होतं. पण विहारात सगळे म्हणाले, मुंबईवाले आले, पुढं बसा. नंतर मुंबईला म्हणून घरातून निघाले ते चिपळूणपर्यंतच गेले. तिथे कोणीतरी सांगितलं, हेदवीकडे माणूस हवा आहे.

"घरी यायचा होता," आई म्हणाली. "शेत होता. मी होतंय."

"कोन म्हनून येऊ? येवढी वर्षं तुमच्यात नव्हतो, ते कामासाठी. कामच नाय तर..." त्यांनी वाक्य सोडलं. मग माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. "आनि हिचा लगीन जमत आला होता. खेर्डीची मानसं कापणी झाली की येनार. मुलीचा बाप मुंबईला कंपनीत, असा सांगितलेला. म्हटला, एवढा होऊन जाऊ दे."

मला वाटलं होतं, मी ओरडेन. गाडीत सगळी वाक्यं तयार केली होती. पण त्यांच्या हातांकडे बघत राहिले. साबणाने बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, नखांशी भेगा होत्या. मी इतकंच म्हटलं, "बाबा, हे माझ्या नावावर नका घालू."

ते शब्द त्यांना लागले. मला ते आजही परत घ्यावेसे वाटतात आणि आजही ते खरेच वाटतात.

भाकरी आम्ही तिथेच पत्र्याच्या सावलीत खाल्ली. तलावाकडून मुलांचं हसणं येत होतं. आई बाबांना विचारत होती, पाणी गोडं आहे का, अंथरूण कसलं, ताप कधी आला होता. मग ती उठली आणि उरलेल्या चादरी दोरीवर टाकू लागली. जाताना ती म्हणाली, "काम सोडू नका. काम वाईट नाय. पन आजपासून मला फोनवर समुद्र सांगायचा, हायवे नाय." आणि पिशवी उचलत, "मी पन शेतात नव्हतंय. बोटीत होतंय." बाबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना मशीनचा उलगडा झाला.

परतताना बोटीवरच पाऊस आला. दोन तास कोसळला. कापून आडवं पडलेलं भात भिजलं आणि चार दिवसांनी त्याला मोड आले. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाबा दोन दिवसांची रजा घेऊन आले आणि उभं राहिलेलं अर्धं शेत आम्ही तिघांनी मिळून कापलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पाहुण्यासारखे आले नाहीत. पिशवी कोपऱ्यात टाकली आणि कोणी न सांगता विळा घेऊन निघाले. आताही ते हेदवीलाच आहेत. कापणीला येतात. आई त्यांना आल्या आल्या कामाला लावते आणि काम नीट झालं नाही तर बोलतेही. माझ्या लहानपणी तिने त्यांना कधी एक शब्द बोललेला मला आठवत नाही.

खेर्डीचं स्थळ मात्र जमलं नाही. "कळवतो" म्हणून गेले, कळवलं नाही. पुढे माझं लग्न लांज्यात झालं, ते निराळं. खेर्डीच्या मुलाचा चेहरासुद्धा मला आता आठवत नाही. पण ती बैठक आठवते.

अंगणात शेण सारवलेलं, खळ्यात भाऱ्यांची उडवी रचलेली. ओटीवर पाच पाहुणे. मी आत, पडद्याआड. बाबा मुद्दाम रजा काढून आले होते. आम्ही तिघांनी आधी काहीच ठरवलं नव्हतं. विचारलं तर काय सांगायचं हा विषय आठवडाभर घरात फिरत होता आणि कोणी तो तोंडाने काढत नव्हतं. मुलाचे काका, भारदस्त माणूस, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही मुंबईला कुठं असता म्हणालात?"

 आई चहाचं तबक घेऊन उंबऱ्यात पोचली होती, ती तिथेच थांबली. कप एकमेकांना लागून किणकिणत होते.  एक वाक्य, आणि सगळं जमून गेलं असतं.

"मुंबईला नसतो आता," बाबा म्हणाले. आवाज थोडा चिरकला, म्हणून त्यांनी खाकरून पुन्हा सांगितलं. "मुंबईचा काम गेला. हेदवीला रिसॉर्टवर असतो. चादरी धुतो."

 काकांनी शेजारच्याकडे बघितलं. मग आई उंबरा ओलांडून पुढे आली, पाहुण्यांच्या रांगेसमोरून तशीच गेली, आणि तबकातला पहिला कप तिने बाबांच्या हातात दिला.